पहिलं हॉट रॉड मॉडेल : कुठलं किट घेऊ, आणि आपल्याकडच्या हवेत रंग कधी मारू?

कपाशी_गॅरेज
नमस्कार मंडळी. हिंगणघाटपासून बरंच आत गाव आहे. तान्ह्या पोळ्यासाठी पुतण्याचा लाकडी नंदी रंगवून दिला, चाकंही नवीन बसवली, आणि तेव्हापासून हात शिवशिवताहेत. जुन्या फोर्डच्या त्या मडगार्ड काढलेल्या, उघड्या इंजिनच्या, छप्पर खाली बसवलेल्या गाड्या असतात ना, हॉट रॉड म्हणतात त्या, तशी एक छोटी करायची आहे. बजेट तीन हजार. एअरब्रश (हवेच्या दाबानं रंग फवारायची छोटी पिचकारी) नाही. किट (सुटे प्लास्टिकचे पार्ट जोडायचा डबा) घ्यावं की खेळण्यातली अँबेसिडर कापावी? कुरिअर गावात येत नाही, हिंगणघाटहून आणावं लागतं, म्हणून एकदाच काय ते मागवीन म्हणतो.

मास्तर_अमरावती
किट घ्या. रेव्हेल कंपनीचा १९३२ फोर्ड, १:२५, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढा. ही गाडी मुळात हॉट रॉडवाल्यांची लाडकी का झाली ते कळलं की मॉडेल करतानाही मजा येते. त्या वर्षी फोर्डनं स्वस्त गाडीत व्ही-८ इंजिन दिलं, २२१ घनइंच, ६५ हॉर्सपॉवर. पुढे कॅलिफोर्नियातल्या मुरॉक, एल मिराजसारख्या कोरड्या तळ्यांच्या पात्रात पोरं ह्या गाड्या पळवायला लागली. वजन कमी करायला मडगार्ड काढ, दिवे काढ, जे काढता येईल ते काढ. तोच पुढे थाट झाला. नवख्याला फायदा असा की मडगार्ड नसले की ते बॉडीशी जुळवण्याची कटकटही नाही.

एएमटी ह्या दुसऱ्या कंपनीची जुन्या साच्यांची किटंही बघा. १९५८ पासून त्यांनी एकाच डब्यात तीन पर्याय द्यायला सुरुवात केली : कंपनीतून निघाली तशी, सजवलेली, किंवा शर्यतीची. उरलेले पार्ट फेकायचे नाहीत, दुसऱ्या गाडीला लागतात. बजेटमध्ये एक किट बसेल, हाताशी फार काही उरणार नाही, हे धरून चाला.

राजेहो_दर्यापूर
काहून एवढे पैसे घालता भाऊ? बसस्टँडजवळच्या दुकानात प्लास्टिकची अँबेसिडर भेटते. कापा तिले. फोर्ड त अमेरिकेत सगळेच करून रायले, अँबेसिडरची हॉट रॉड कोण केली सांगा? बिघडली त बिघडली, दुसरी आणता येते.

मास्तर_अमरावती
राजेहो, कल्पना झकास, पण आधी मोजा. खऱ्या अँबेसिडरचं व्हीलबेस २४६४ मिमी. खेळण्याच्या पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांतलं अंतर मिमीत घ्या आणि २४६४ ला त्यानं भागा. उत्तर पंचवीसच्या आसपास, म्हणजे अंतर दहा सेंटीमीटरच्या जवळ आलं, तर किटचं इंजिन आणि चाकं तिला शोभतील. पस्तीस आलं तर इंजिन बॉनेटच्या बाहेर पोटासारखं दिसेल. आणि प्लास्टिक तपासा. आतल्या बाजूला थिनरचा एक थेंब लावायचा. जागा चिकट झाली तर किटचा पातळ सिमेंट चालेल, तो प्लास्टिक विरघळवूनच जोडतो. काहीच झालं नाही तर तो चिकटणार नाही, मग तारेच्या पिना आणि एपॉक्सी.

डेंटिंग_पेंटिंग_यवतमाळ
रंगाचं मी सांगतो, मोठ्या गाड्यांवर तेच करतो.

आत्ता रंगाला हातच लावू नका. ह्या दमट हवेत लॅकर (थिनरवाला, झटपट वाळणारा रंग) मारला की वर पांढुरकी साय धरते. रंग वाळताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. सीतादही (कापूस वेचणी सुरू करतानाची पूजा) होईपर्यंत थांबा, तोवर बॉडीची घासाई आणि जोडकाम उरका. दिवाळीनंतर ऊन वर आल्यावर, साधारण दहा ते चार, ह्या कामाला आपल्याकडच्यासारखी हवा नाही. मे महिन्यात उलटा त्रास. रंग डब्यातून निघून बॉडीपर्यंत पोचायच्या आत वाळतो आणि खरखरीत बसतो. तेव्हा मारायचाच असेल तर पहाटे. आणि कूलरसमोर कधीच नाही! गारवा वाटतो खरा, पण ओली हवा आणि धूळ दोन्ही अंगावर येतात.

एअरब्रश नसला तरी स्प्रेचा डबा पुरतो. डबा कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, फवारा बारीक होतो. गरम पाणी किंवा गॅस अजिबात नको, फुटेल. गाड्यांचा लॅकर कडक असतो, किटच्या नरम प्लास्टिकला तडे देऊ शकतो. म्हणून पार्ट ज्या सांगाड्यात अडकलेले येतात त्याच्या तुकड्यावर आधी मारून बघा. मग प्रायमर, पातळ पातळ थर, शेवटी १५०० आणि २००० चा वॉटर पेपर. हार्डनर घालायचे टू-के रंग घरात मारू नका. त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसाला वाईट, साधा कापडी रुमाल त्याला अडवत नाही.

अजून एक. बोअरचं पाणी. आपल्याकडे क्षार इतके की बॉडी धुऊन ठेवली की पांढरे डाग. आधी भांड्याच्या साबणानं धुवा, साच्याचं तेल निघतं, पण शेवटचा हात आरओच्या पाण्याचा. स्टिकर भिजवायलाही तेच.

कपाशी_गॅरेज
एवढं सविस्तर! बरं, छप्पर खाली करणं पहिल्याच गाडीत जमेल का?

मास्तर_अमरावती
जमेल, पण मग १९३२ ऐवजी फोर्डचीच मॉडेल ए घ्या, १९२८ ते ३१ मधली. तिचे काचांमधले खांब जवळपास उभे असतात, मधून पट्टी काढली की वरचा भाग सरळ खाली बसतो. खांब कलते असले की कापल्यावर वरचं आणि खालचं टोक जुळत नाही, छप्पर लांबवावं लागतं.

तीन इंच कमी करायचे तर १:२५ मध्ये तीन मिलिमीटर. आता बघा, साध्या हॅक्सॉ ब्लेडचा चर मिलिमीटरच्या वर जातो, म्हणजे खऱ्या गाडीतला एक इंच नुसत्या भुशात! मास्किंग टेप लावून रेघ आखा आणि कटरच्या पात्याच्या पाठीनं पुन्हा पुन्हा ओढत कापा. वेळ लागतो, पण कड सरळ येते.

राजेहो_दर्यापूर
सायलेन्सरच्या नळ्याईले सोल्डरची तार वापरा. दोन मिलिमीटरची घेतली त बरोबर दोन इंची पाइप दिसते, बोटानं वाकते. प्लगच्या वायरीले जुन्या चार्जरच्या तारेतली एक बारीक तार.

डेंटिंग_पेंटिंग_यवतमाळ
काचा फेविक्विकनं चिकटवू नका. वाफेनं धुरकट होतात. पांढरा फेविकॉल, वाळला की पारदर्शक. खांबाच्या सांध्यांना आमच्या दुकानातली हार्डनरवाली पुट्टी घ्या, चमचाभर कोणीही देईल. हार्डनर नसलेली एनसी पुट्टी जाड भरली की आक्रसते, नंतर रंगाखाली खड्डा दिसतो.

कपाशी_गॅरेज
ठरलं. मॉडेल ए मागवतो आणि हात बसवायला एक अँबेसिडर. नागपूरला जाणं आहे पुढच्या आठवड्यात, वॉटर पेपर आणि टेप तिथूनच आणतो. सिमेंट उघडं ठेवून घरात बसलं तर वासाचा त्रास होतो का? घरी लहान मूल आहे.

मास्तर_अमरावती
होतो. ओसरीवर बसा, मूल आत असू द्या, आणि बाटली ओल्या मातीच्या गोळ्यात रोवून ठेवा, म्हणजे लवंडणार नाही. अँबेसिडर मोजली की आकडा इथे टाका.