आठ तासांचा लेओव्हर: शहर बघायला बाहेर पडावं की विमानतळावरच थांबावं?

कृष्णाकाठ (सांगली):
मुलाबाळांकडे अमेरिका-ऑस्ट्रेलियाला निघालेल्या आपल्याकडच्या लोकांना हल्ली जो तो सांगतो, "विमान बदलताना मधे आठ तास आहेत ना, मग शहर बघून घ्या." माझं मत, अजिबात घेऊ नका.

विमान थांबून दारातून बाहेर पडेपर्यंत अर्धा तास जातो. इमिग्रेशनच्या रांगेत पाऊण तास. शहरात जायला पाऊण, यायला पाऊण. परत इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी आणि गेटपर्यंतची पायपीट धरून सुटण्याच्या अडीच तास आधी विमानतळावर हवं. तिकिटावर छापलेली वेळ सुटायची असते, गेट बहुतेक ठिकाणी त्याच्या २० मिनिटं आधी बंद होतं. वजाबाकी केली की हातात पावणेतीन तास राहतात, तेही सगळं सुरळीत झालं तर.

शिवाय आपला प्रवास मुंबईच्या विमानतळावर सुरू होत नाही. सांगलीपासून मुंबई पावणेचारशे किलोमीटर. खंबाटकी, खंडाळा, पनवेल कुठेही गाडी अडकेल म्हणून माणूस निम्मा दिवस आधी घर सोडतो. कतारच्या दोह्यात उतरेपर्यंत त्याला वीस-बावीस तास धड झोप नसते. साठी ओलांडलेल्याला अशा अवस्थेत शहर दाखवण्यात कसली हौस?

अजिंक्यतारा (सातारा):
हिशेब बरोबर, निष्कर्ष पटला नाही. पावणेतीन तासांत शहर बघायचंच नसतं. एक ठिकाण ठरवायचं, तिथं जायचं, खायचं, परतायचं. माणसं तीन ठिकाणांची यादी करतात आणि तिथंच फसतात.

दोह्याचंच घ्या. विमानतळावरूनच मेट्रोची रेड लाइन निघते. मुशैरिबला गोल्ड लाइन धरली की पुढचंच स्टेशन सूक वाकिफ. जुना बाजार. ससाण्यांच्या दुकानात डोळ्यांवर चामड्याच्या टोप्या चढवलेले ससाणे ओळीनं बसलेले असतात, ते सोडू नका. दोन पथ्यं पाळा. शुक्रवारी सकाळी बरीच दुकानं बंद असतात, आणि उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडू नका, पारा चाळिशीच्या वर असतो.

सिंगापूर याहून सोपं. चांगी विमानतळाच्या खालूनच एमआरटी (तिथली मेट्रो), तानाह मेरा स्टेशनला गाडी बदलायची. टॅप होणारं बँकेचं आंतरराष्ट्रीय कार्ड चालतं, तिकिटाच्या रांगेत वेळ जात नाही. सात-आठ तास खुर्चीत बसून पाय सुजवण्यापेक्षा हे बरं की!

हळदबाजार (सांगली):
दोघंही पासपोर्ट विसरलात राव. भारतीय पासपोर्टवर "वाटलं म्हणून बाहेर पडलो" हे फार थोड्या ठिकाणी चालतं.

सिंगापूरला व्हिसा लागतो. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जपान अशा मोजक्या देशांचा चालू व्हिसा असेल तर अटींवर ९६ तास सोडतात, पण उतरण्याआधी ३ दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरलेलं पाहिजे. चांगीवरची अडीच तासांची फुकट सहल साडेपाच ते २४ तासांच्या लेओव्हरला मिळते, आणि तिलाही प्रवेशाची हीच अट. इस्तंबूलचा ई-व्हिसा अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांचा) चालू व्हिसा वा रहिवासी परवाना असेल तरच. दुबईचा ४८ तासांचा ट्रान्झिट व्हिसा निघण्याआधी काढायचा असतो. नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढताना एकदा आणि निघण्याच्या आठवड्यात एकदा त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा. एजंटच्या व्हॉट्सॲप मेसेजवर जाऊ नका.

याहून मोठा घोळ दोन वेगळ्या तिकिटांचा. एकाच पीएनआरवर सामान सहसा थेट शेवटच्या मुक्कामी जातं. स्वस्त पडतात म्हणून दोन तिकिटं वेगवेगळी काढली, तर बॅगा बहुधा मधेच उतरवून घ्याव्या लागतात, आणि सामानाचा पट्टा असतो इमिग्रेशनच्या पलीकडे. म्हणजे फिरायचं नसलं तरी व्हिसा पाहिजे! त्यात पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी हात वर करते.

कराडची सूनबाई:
हँडबॅगेत काय आहे, हे कुणीच विचारलं नाही. आपल्या कांदा-लसूण मसाल्यात बहुतेक घरी खसखस असते. खसखस दुबईत आणि सिंगापुरात बंदीच्या यादीत आहे. सिंगापुरात खायची तंबाखू आणि गुटखाही चालत नाही, तेव्हा काकांचे खिसे आधी तपासा. बाहेर पडायचं म्हणजे त्या देशाच्या कस्टम्समधून जायचं, आणि तिथं "आम्ही फक्त तीन तासांसाठी आलोय" याला अर्थ नाही. लोणचं, तूप, पातळ चटणी तर बाहेर न पडताही काढून घेतात, कारण ट्रान्झिटच्या तपासणीत पातळ पदार्थांचा १०० मिलीचा नियम परत लागतो. भडंग, दशम्या, कंदी पेढे त्या तपासणीतून आरामात पार होतात.

विटेकर:
परदेशच कशाला? देशातल्या लेओव्हरला व्हिसाची भानगड नाही, आणि बहुतेक मोठ्या शहरात विट्या-आटपाडीकडचा एखादा गलाईवाला (सोनं-चांदी गाळणारा) भेटतोच, जेवणाचा प्रश्न मिटला. फक्त बंगळूरला जपून. विमानतळ शहरापासून ३५ किलोमीटर, आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकला कुणी वाली नाही.

कृष्णाकाठ (सांगली):
म्हणजे व्हिसा, कस्टम्स, ट्रॅफिक, सगळं मिळून माझंच म्हणणं खरं ठरतंय. आत काय कमी आहे? चांगीच्या टर्मिनल ३ मध्ये फुलपाखरांची बाग आहे. तिथल्या ज्वेल मॉलमधला ४० मीटरचा धबधबा इमिग्रेशनच्या पलीकडे आहे हे खरं, पण टर्मिनल २ आणि ३ मधली स्कायट्रेन ज्वेलमधूनच जाते, काचेतून दिसतो की. दोह्यात स्त्री-पुरुषांसाठी वेगळ्या शांत खोल्या आहेत, तिथं पाठ टेकायला मिळते.

अजिंक्यतारा (सातारा):
साठीपुढच्यांसाठी आणि सहा तासांच्या आतल्या लेओव्हरला तुमचं मान्य. तिशीतल्या धडधाकट माणसाकडे व्हिसा आहे, पीएनआर एक आहे, विमान सकाळी उतरतंय, आणि तरी त्यानं काचेतून धबधबा बघायचा? हे काही पटत नाही.

आणि पाठ टेकणाऱ्यांनी गजर स्थानिक वेळेचा लावा. नेटवर्क न मिळालेला फोन भारतीय वेळच दाखवत राहतो. दोह्यात तो अडीच तास पुढे असतो, म्हणजे गेटवर लवकर पोचाल एवढंच. सिंगापुरात अडीच तास मागे असतो. तिथं विमान जातं.