मदत हवी आहे: स्वतंत्र कॉलेज आइस हॉकी संघाला जानेवारीनंतर सामने कसे मिळवायचे?

एनसीएए (अमेरिकेतली कॉलेज क्रीडा संघटना) डिव्हिजन वन या सर्वात वरच्या स्तरातल्या, कुठल्याच कॉन्फरन्समध्ये (आपसात ठरावीक सामने खेळणाऱ्या संघांच्या गटात) नसलेल्या पुरुष संघाच्या वेळापत्रकाबद्दल विचारायचंय. हंगामाची मर्यादा 34 सामने. हॉकी ईस्ट किंवा बिग टेन या कॉन्फरन्सच्या संघांचे 24 कॉन्फरन्समध्येच जातात. उरलेले दहा ते बहुतेक ऑक्टोबरात आणि ख्रिसमसच्या आसपास उरकतात. आयव्ही लीगवाल्यांना (हार्वर्ड, येल वगैरे) तर 29च, त्यातले 22 त्यांच्या ईसीएसी कॉन्फरन्सचे. मग जानेवारी-फेब्रुवारीचे शुक्रवार-शनिवार भरायचे कुणासोबत?

मोठे संघ पैसे देऊन आपल्याकडे बोलावतात, पण परतीच्या, म्हणजे आमच्याकडे येऊन खेळायच्या सामन्याचं नाव काढलं की गप्प. अलास्कात खेळलेला सामना पाहुण्यांच्या 34मध्ये धरत नाहीत, त्यामुळे तिथल्या फेअरबँक्स आणि अँकरेजच्या स्वतंत्र संघांकडे निदान तेवढं आमिष आहे. बाकीच्या स्वतंत्र संघांनी काय द्यायचं?

हॉकी ईस्टमध्ये 11 संघ, म्हणजे कुठल्याही दिवशी एक तरी संघ कॉन्फरन्सच्या सामन्यातून मोकळा असणारच. माझ्या मते खरी संधी तिथेच आहे. असे मोकळे दिवस किती आधी कळतात? मंगळवारचा एकच सामना मागितला तर प्रशिक्षक तयार होतात का? आणि परतीचा सामना रद्द केल्यास भरपाईचं कलम करारात नेमकं कसं लिहावं? करार केलेल्यांनी कृपया कलमाचा मसुदाच द्या.