सांगली–मिरज लोकल: मुंबईचा नमुना इथं चालेल का? (चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

कृष्णाकाठ
सांगली-मिरज-कुपवाडला मेट्रो हवी, अशी मागणी अधूनमधून डोकं वर काढते. ती सोडून द्यावी, असं माझं मत. 2017 च्या मेट्रो धोरणात सुरुवातीला 20 लाखांवरच्या शहरांचाच विचार धरलाय, आणि आपल्या महापालिकेची लोकसंख्या 2011 ला पाच लाख. मुंबईच्या मेट्रो 3 ला साडेतेहतीस किलोमीटरसाठी सुमारे 37 हजार कोटी लागले. तो आकडा बघून आपण गप्प बसलेलं बरं.

पण रूळ आपल्याकडं आयते आहेत. पुणे-मिरज मार्गाला दुसरी लाइन पडली, वर 25 हजार व्होल्टची तार आली. सांगली-विश्रामबाग-मिरज आठेक किलोमीटर, पुढं जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी करत मिरजेपासून कोल्हापूर 47. यावर आठ डब्यांची मेमू (वेगळं इंजिन न लावता स्वतःच्या मोटरवर चालणारी विजेची गाडी) फिरवा. मुंबईतसुद्धा 1925 ला कुर्ल्यापर्यंत विजेची लोकल धावली ती आहे त्या रुळांवरच तार टाकून.

मिरज यार्ड
शेवटचं वाक्य दुरुस्त करा. 1925 ला हार्बर लाइन रे रोडपासून व्हीटीपर्यंत (आताचं सीएसएमटी) वाढवली, आणि त्यासाठी डॉकयार्ड रोड, सँडहर्स्ट रोडकडचा उंचावरचा मार्ग नव्यानं बांधला. लोकल चालते ती तारेमुळं नव्हे, वेगळ्या रुळांमुळं. कल्याणपर्यंत चार लाइनी असूनही मेल-एक्सप्रेसमुळं लोकल अडकायच्या, म्हणून ठाणे-दिवा पाचवी-सहावी टाकावी लागली. ती 2022 ला सुरू झाली.

आता आपल्याकडं बघा. मिरजेत पुण्याकडची, कोल्हापूरची, बेळगावची आणि पंढरपूर-कुर्डुवाडीची अशा चार दिशांच्या गाड्या एकाच यार्डात येतात. त्यात बेळगावकडची बाजू दुसऱ्या झोनची, हुबळी विभागाची. मिरज-कोल्हापूर तर अजून एकेरी. तुमची मेमू हातकणंगलेला क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरच्या गाडीला वाट द्यायला, उभी राहिली की लोकल हे फक्त पाटीवरचं नाव.

शिवाय मुंबईत ऑटोमॅटिक सिग्नल आहेत, एका गाडीमागं तीन-चार मिनिटांत दुसरी सोडता येते. ॲब्सोल्यूट ब्लॉक असेल तिथं एका दिशेला दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी. पुढं साठेक वाघिणींची मालगाडी थांब्यावरून वेग घेत असेल, तर ती पुढच्या स्टेशनात पूर्ण आत जाईपर्यंत मागच्यानं सिग्नलकडं बघत बसायचं.

स्टँड रोड
मला तर मुळात माणसं चढतील का हीच शंका आहे. सांगली स्टँडजवळच्या माणसाला मिरजेच्या सिव्हिलला जायचंय. वडाप (माणसं भरून नेणारी खासगी गाडी) दारातून मिळतं, एसटीची सिटी बस दहा-पंधरा मिनिटांनी. तो रिक्षा करून सांगली स्टेशनला जाणार, गाडीची वाट बघणार, मिरजेत उतरून परत रिक्षा करणार? आठ किलोमीटरसाठी दोन रिक्षा! मुंबईत स्टेशनाभोवती बाजार वाढला. इथं बाजार एकीकडं, स्टेशन दुसरीकडं. त्यापेक्षा मिरज रस्त्यावर बसला वेगळी लेन द्या, थांब्याला बस-बे (बस उभी करायला रस्त्याकडेची जागा) करा, चौकात बसला सिग्नलची प्राधान्यवेळ द्या.

कृष्णाकाठ
स्टँड रोड, मुद्दा खरा, पण तो फक्त सांगली-मिरज या टोकांपुरता. विश्रामबागला वालचंद आणि विलिंग्डन ही कॉलेजं चालत जाण्याच्या अंतरावर. जयसिंगपूर-हातकणंगल्याहून येणाऱ्या पोरांना लोकल थेट तिथं सोडेल. बस-लेनवर जयसिंगपूरचा माणूस बसणार नाही.

आणि सांगलीहून कोल्हापूरला जाताना मिरजेत गाडीची दिशा बदलावी लागते. ती अडचण वाटेल, पण तोच मेमूचा फायदा आहे. पुण्याकडून कोल्हापूरला जाणाऱ्या इंजिनाच्या गाडीला मिरजेत काय करावं लागतं? इंजिन सोडायचं, बाजूच्या लाइनवरून दुसऱ्या टोकाला आणायचं, कपलिंग लावायचं, ब्रेक पाइपात 5 किलोचा दाब भरेपर्यंत थांबायचं, मग गार्डकडून ब्रेकची तपासणी. (गार्डला आता ट्रेन मॅनेजर म्हणायचं, काम तेच.) मेमूला दोन्ही टोकांना चालकाची कॅब. चालक या टोकाकडून त्या टोकाला गेला, ब्रेकची चाचणी घेतली, निघाला. दुसरा चालक आधीच तिकडं उभा असेल तर आणखी लवकर.

गणित मांडतो. सांगली-मिरज धाव 12 मिनिटं, दोन्ही टोकांना 10-10 मिनिटं थांबा. म्हणजे एक फेरा 44 मिनिटांचा. एका गाडीनं पाऊण तासाला सेवा, दोन गाड्यांनी 22 मिनिटांना.

मिरज यार्ड
22 मिनिटं कागदावर. त्या 10 मिनिटांच्या थांब्यासाठी मिरजेत प्लॅटफॉर्म मोकळा कोण देणार? चर्चगेटला चारच प्लॅटफॉर्म आहेत, पण तिथं लांब पल्ल्याची एकही गाडी येत नाही.

ओव्हरहेड
दोघांनाही एक तांत्रिक गोष्ट. मुंबईची लोकल इथं आणा, असं काही जण म्हणतात ते सोपं नाही. तिचा डबा 3.66 मीटर रुंद, साधा डबा 3.25 च्या आसपास. आहे त्या प्लॅटफॉर्मला ती रुंदी चालते का, ते आधी मोजावं लागेल. तिला पायऱ्या नाहीत, उंच प्लॅटफॉर्मच हवा. मुंबईत गाडी आणि फलाट यांच्या फटीत माणसं पडायची, म्हणून 840 मिलीमीटरवरून उंची 900 च्या वर नेली. मेमूला पायऱ्या असतात, त्यामुळं ती कमी उंचीच्या फलाटावर चालते, पण चढ-उतार सावकाश होते. मुंबईत वीस-तीस सेकंदांत गाडी सुटते. इथं डोक्यावर पाटी घेऊन म्हातारी चढत असेल तर मिनिट धराच. शिवाय मेमूत साधारण चार डब्यांमागं एक मोटर डबा (गाडी ओढणारा), मुंबईत तिनांमागं. वेग हळू धरते. 12 मिनिटांची 14 करा.

देखभालीचंही कुणी बोललं नाही. पँटोग्राफची (तारेतून वीज घेणाऱ्या टपावरच्या सांगाड्याची) पट्टी, ब्रेक ब्लॉक, दरवाजे, सगळं ठरावीक दिवसांनी शेडमध्ये बघावं लागतं. जवळ शेड नसेल तर गाडी रिकामी धाडावी लागते, तोवर जागेवर दुसरी हवी. दोन गाड्यांच्या सेवेला तीन गाड्या धरा.

हळदपेठ
मग मोनोरेल? जागा कमी लागते, मिरज रस्त्याच्या मधोमध खांब टाकायचे.

ओव्हरहेड
चेंबूरची मोनो बघितली नाही का? ऑगस्ट 2025 मध्ये पावसात गर्दी झाली. 104 टनांची क्षमता, वजन गेलं 109 वर. वीज घेणाऱ्या पट्टीशी संपर्क तुटला, गाडी अधांतरी, माणसं अग्निशमनच्या शिडीनं उतरवली. सप्टेंबरात सेवाच थांबवली. रुळावरची गाडी बंद पडली तर दुसरं इंजिन लावून ओढता येते.

स्टँड रोड
एवढं सगळं करून सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सातलाच गाडी भरणार. दुपारी सहाशे जागांवर चाळीस माणसं.

कृष्णाकाठ
मग दुपारी चालवू नका. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, कोल्हापूर ते सांगली थेट, मासिक पासवर.

मिरज यार्ड
चार फेऱ्या असतील तर माझा विरोध अर्धा संपतो. पण मागणी ‘लोकल द्या’ अशी करू नका. रेल्वेच्या पुणे विभागाकडं वेळापत्रकात गाडीसाठी राखून ठेवलेली वेळ मागा, जयसिंगपूर किंवा हातकणंगलेला क्रॉसिंग कुठल्या गाडीशी ते लिहून. आणि मिरज-कोल्हापूर दुहेरीकरण त्याच कागदावर पहिलं. खर्चाचा प्रश्न आला तर मुंबईच्या रेल्वे विकास महामंडळाचं उदाहरण द्या: 1999 पासून रेल्वेचे 51 टक्के, राज्याचे 49. आपल्याकडं राज्याचा वाटा कोण मागणार, ते आधी ठरवा.

स्टँड रोड
आणि विश्रामबाग स्टेशनला बसथांबा. तो महापालिकेच्या हातात आहे, त्याला रेल्वेची परवानगी लागत नाही.