शब्दचर्चा : प्रतिमा ‘स्पष्ट’ आहे म्हणजे नेमकी कशी?

प्रश्न : क्ष-किरण तपासणीवरील एका लेखाचे मराठी करताना मी रेझोल्यूशन, कॉन्ट्रास्ट आणि क्लॅरिटी या तिन्हींसाठी ‘स्पष्टता’ हा एकच शब्द वापरला, तो संपादकांनी तिन्ही ठिकाणी अधोरेखित करून परत पाठवला. वेगळे शब्द कोणते वापरावेत? शिवाय ‘रिलायबिलिटी’ला ‘अचूकता’ चालेल का?

उत्तर : संपादकांचे म्हणणे रास्त आहे, कारण ‘स्पष्टता’ हा शब्द निरनिराळे गुण पोटात घेतो आणि त्यांतला कोणता कमी पडला हे सांगत नाही. मनगटातील स्कॅफॉइड या लहानशा हाडाला गेलेली केसाएवढी तड दिसायची, तर तिच्या दोन्ही कडा एकमेकींपासून सुट्या दिसल्या पाहिजेत. हे रेझोल्यूशन, आणि त्यासाठी भौतिकशास्त्राच्या मराठी पुस्तकांतला ‘विभेदन’ हा शब्द चपखल आहे. यकृतातील गाठ मात्र चांगली दोन सेंटिमीटरची असूनही नजरेतून सुटू शकते, कारण तिची करडी छटा भोवतालच्या यकृताच्या छटेहून जेमतेम निराळी असते. तेथे विभेदन कितीही वाढवले तरी उपयोग नाही. उणीव कॉन्ट्रास्टची असते आणि त्याला मी ‘छटाभेद’ म्हणेन.

तिसरी गोष्ट आपल्या यादीत नाही, पण ‘क्लॅरिटी’च्या मागे बहुधा तीच दडलेली असते : नॉइज. त्याला कोणी ‘गोंगाट’ म्हणतात. मला मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या दोषाला कानाचा शब्द देणे पटत नाही, म्हणून मी ‘दाणेदारपणा’ लिहितो. किरण कमी पोहोचले की प्रतिमेत दाणे उमटतात, आणि हा दाणेदारपणा केवळ किरणांच्या जोरावर निम्म्यावर आणायचा असेल, तर किरणांची मात्रा चौपट करावी लागते. म्हणजे ‘प्रतिमेची स्पष्टता वाढवावी’ असे मोघम वाक्य वाचून कोणी मात्रा वाढवली, तर त्याची किंमत रुग्णाचे शरीर मोजते, आणि गरज कदाचित, हालचालीने प्रतिमा पुसट होऊ नये म्हणून, रुग्णाला श्वास नीट रोखायला सांगण्याचीच असते. शब्दांच्या निवडीबाबत मी एवढा आग्रही आहे तो यासाठी.

येथे बोलीतल्या वापराचीही नोंद घ्यावी. फिल्मच्या काळात ‘फोटो पांढरा आला’ म्हणजे मात्रा कमी पडली आणि ‘काळा आला’ म्हणजे जास्त झाली, असा सरळ अर्थ होता. डिजिटल यंत्रात उजळपणा संगणकच जुळवून घेत असल्यामुळे हे नाते तुटले आहे. मात्रा जास्त झाली तरी प्रतिमा काळी पडत नाही, उलट अधिक नितळ दिसते आणि चूक कोणाच्या लक्षात येत नाही. जुने शब्द तोंडात राहिले आहेत, पण त्यांवरून आता मात्रेचा अंदाज बांधता येत नाही.

पुरवणी प्रश्न : ‘कॉन्ट्रास्ट दिला’ या वापरात ‘छटाभेद’ कसा बसेल?

उत्तर : बसणार नाही. तेथे कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतून किंवा तोंडावाटे दिलेले द्रव्य. त्याला ‘छटाभेदक द्रव्य’ म्हणावे किंवा कॉन्ट्रास्ट हाच शब्द ठेवावा. गुण आणि द्रव्य यांना एकच मराठी शब्द देऊ नये.

‘रिलायबिलिटी’ला ‘अचूकता’ मात्र मुळीच चालणार नाही. तीच प्रतिमा दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे वाचली, किंवा एकाच तज्ज्ञाने महिन्याभराने पुन्हा वाचली, आणि निष्कर्ष जुळला, तर ती विश्वासार्हता. जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला ‘कॅप्पा’ हा गुणांक असे एकमत मोजतो आणि केवळ योगायोगाने जुळणाऱ्या मतांचा वाटा त्यातून वजा करतो. पण दोघांनाही तड दिसली नाही आणि दोघांनीही ‘हाड सुस्थितीत’ असे लिहिले, तर एकमत पूर्ण आणि निदान चुकीचे, असे होऊ शकते. निदान प्रत्यक्ष आजाराशी जुळणे म्हणजे अचूकता. त्यामुळे आपल्या लेखात ‘रिलायबिलिटी’ला विश्वासार्हता आणि ‘ॲक्युरसी’ला अचूकता असे शब्द शेवटपर्यंत कायम ठेवावेत.