जुना वाडा, नवं प्रेम आणि भिंतीतलं गुपित: मराठी कादंबरीतला वाडा खरा का वाटत नाही?

पेठेतली वाचक

वारशात मिळालेलं जुनं घर, ते दुरुस्तीला काढणारी मुलगी, कामावर देखरेख करणारा अबोल आर्किटेक्ट आणि भिंत फोडताना सापडलेला पत्रांचा गठ्ठा. या धाटणीच्या प्रेम-रहस्य कादंबऱ्या मी मनापासून वाचते, इंग्रजीतल्याही आणि मराठीतल्याही. म्हणूनच मराठीतल्या वाड्याबद्दल तक्रार आहे. पायऱ्या करकरतात, पोटमाळ्यावर पेटी असते, बाहेर रात्रभर पाऊस कोसळतो. असं घर सोलापुरात मी तरी पाहिलेलं नाही.

आपल्याकडचं जुनं घर माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं. सागवानी तुळया, त्यावर कडीपाट, वर मातीचा थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. मृग लागायच्या आत नवी पांढरी माती टाकायची, म्हणजे पाणी झिरपत नाही. असं दरवर्षी करता करता थर वाढतो, ओझं वाढतं आणि एक दिवस तुळई मधोमध वाकलेली दिसते. अशा घराची दुरुस्ती डोक्यावरची माती उतरवण्यापासून सुरू होते. रहस्यही तिथूनच सुरू व्हावं, असं माझं म्हणणं आहे. माती काढताना माजघरावरचं एक साणं बुजवलेलं सापडतं. उजेडासाठी मुद्दाम ठेवलेलं भोक कुणी कशाला बुजवेल? खालची खोली अंधारी का केली? त्या खोलीत कोण राहत होतं? हे कळायला वादळ लागत नाही, टिकाव आणि घमेलं पुरतं.

प्रेमही त्याच कामातून जमू दे. गिलावा चुन्याचा करायचा की सिमेंटचा, यावरून दोघं कडाकडा भांडू देत. एकमेकांचा स्वभाव तिथंच कळतो.

रात्रवाचक

ताई, अजिबात पटलं नाही. मला कादंबरी हवी आहे, बांधकामाची माहितीपुस्तिका नको.

या प्रकाराची सगळी मजा एका प्रश्नात आहे: जो आवडायला लागलाय, तोच गुन्हेगार तर नाही ना? घर दुरुस्तीला काढलं की एक अनोळखी माणूस दिवसभर घरात वावरतो, त्याच्याकडे किल्ल्या असतात, कुठली भिंत पाडायची आणि कुठली राखायची हे तो ठरवतो. नायिकेला त्याच्यावर विश्वास ठेवावाच लागतो आणि ठेववतही नाही. तेवढ्यासाठी घर लागतं. मग ते माळवदाचं असो की कौलारू, मला फरक पडत नाही. पाऊसही राहू द्या. अंधार आणि पाऊस नसेल तर भीती कुठून आणणार?

पेठेतली वाचक

दुपारमधून आणा. मे महिन्यात पारा ४०च्या वर गेला की बारा ते चार पेठेत चिटपाखरू नसतं. गवंडी, बिगारी सावली धरून झोपलेले, दुकानांची शटर अर्धी खाली, वाड्याचा दिंडी दरवाजा नुसता लोटलेला. आतून कुणी हाक मारली तरी बाहेर ऐकायला माणूस नाही. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत माजघरात बोट दिसत नाही इतका काळोख. उन्हातून आत शिरलेल्या नायिकेला घटकाभर काहीच दिसत नाही, आणि तेवढ्यात आतलं कुणीतरी तिला नीट पाहून घेतं. मला याची रात्रीच्या पावसापेक्षा जास्त भीती वाटते.

आणि किल्ल्यांबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे. पण कुठली भिंत पाडायची हे तो ठरवतो म्हटल्यावर त्या भिंतीत काय आहे, ती कशावर उभी आहे हे लेखकाला ठाऊक नको का? नाहीतर तो खरं बोलतोय की खोटं, हे वाचक कशावरून ताडणार?

चुनावाळू

मी जुन्या घरांची कामं घेतो, म्हणून बोलतो. भिंतीतून पत्रांचा गठ्ठा काही निघत नसतो ओ. दगड-मातीच्या भिंतीत कागद ठेवला तर वाळवी सोडत नाही. कागद टिकवायचा तर पितळी डबा हवा, नाहीतर जाड लाकडाचं फडताळ, तेही कोरड्या भिंतीतलं.

खरं सापडतं ते असं. सगळ्या घराला जुना चुन्याचा गिलावा आहे आणि एकाच कोपऱ्यात हातभर रुंद सिमेंटचा पट्टा. म्हणजे तिथं नंतर कुणीतरी हात घातलाय. पूर्वी चुना भिजवून मुरवायचे, बैलाच्या घाण्यावर मळायचे, त्यात गूळ, हिरडा, बेलफळ पडायचं. तो गिलावा ओल आत घेतो आणि बाहेरही सोडतो. सिमेंट तिला कोंडून ठेवतं. मग काही पावसाळ्यांनंतर तो पट्टा फुगतो, आतून पोकळ वाजतो. बोटाच्या पेरानं ठोकत गेलं तरी कळतं. मागे बुजवलेला कोनाडा असेल, बळदाचं, म्हणजे धान्य साठवायच्या कोठाराचं, तोंड असेल. लपवणाऱ्यानं घाईत सिमेंट वापरलं आणि त्या सिमेंटनंच त्याची चुगली केली. रहस्य लिहिणाऱ्याला आणखी काय हवं?

भाडेकरूचा मुलगा

तुम्ही तिघंही मालकाच्या ओसरीवर बसून बोलताय.

साखर पेठेत एका वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत माझं बालपण गेलं. सोप्यात वडिलांचा माग होता. आमच्या घरी ‘दुरुस्ती’ म्हटलं की आईच्या पोटात गोळा यायचा, कारण त्या नावाखाली घर रिकामं करायला सांगतात. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं दुरुस्तीसाठी जागा रिकामी करून घेता येते, पण काम झाल्यावर भाडेकरूला परत येण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे. आम्हाला तो कुणी सांगितला नाही. आम्ही गेलो ते गेलोच.

या कादंबऱ्यांत नायिका कुलूप उघडते तेव्हा वाडा रिकामा असतो. तो रिकामा कसा झाला? सगळ्यात मोठं रहस्य ते आहे आणि लेखक त्याला शिवतही नाहीत. धूळ, जळमटं, मोडका झोपाळा याचं वर्णन पानभर. शेवटची चूल कुणाची विझली, यावर एक ओळ नाही. मला अशी प्रेमकथा गोड लागत नाही.

आणखी एक. माझी आजी पत्रं तेलुगूत लिहायची. शेजारच्या खोलीत कन्नड बोलत, मालक मराठी. चुनावाळू म्हणतात तो पितळी डबा सापडला आणि आतलं पत्र तेलुगूत निघालं, तर तुमची नायिका काय करील?

उतारा

तेलुगूच कशाला, मोडी निघालं तरी तिची तीच गत. जुन्या वाटण्यांचे कागद मोडीत असतात आणि घरात वाचणारं कुणी उरलेलं नसतं.

माझं मत मात्र वेगळं आहे. तुम्ही भिंती ठोकत बसू नका, मालमत्ता पत्रक काढा, म्हणजे घर कुणाच्या नावावर आहे ते सांगणारा सरकारी कागद. मी कचेरीत याच कागदांत काम केलं आहे. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलग्यांसारखा हक्क दिला. लग्न त्याआधी झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. केंद्राचा कायदा २००५ मध्ये बदलला. या बदलांनंतर किती घरांत रक्षाबंधनाला आलेल्या बहिणीपुढे हक्कसोड पत्र ठेवलं गेलं, ते विचारू नका. वाडा नायिकेच्या नावावर आला म्हणजे तिच्या आत्याची सही कुठंतरी आहे. आत्यानं ती राजीखुशीनं केली का? ती शिकलेली असून कागदावर सहीच्या जागी अंगठा का आहे? यापुढे बुजवलेला कोनाडा काहीच नाही.

रात्रवाचक

हे सगळं खरं आहे आणि म्हणूनच मला ते कादंबरीत नको. वाटणीची भांडणं माझ्या घरी आहेत. दिवसभराचं काम उरकल्यावर मी पुस्तक उघडते, तेव्हा दोन माणसं एकमेकांना सापडलेली बघायची असतात. शेवट गोड झाला तर काय बिघडलं? प्रेमकथेवर कायदा, भाडं, वारस एवढा बोजा टाकलात तर प्रेमाला जागाच उरणार नाही. गंभीर कादंबऱ्या त्यासाठी आहेत, त्या वेगळ्या वाचू.

पेठेतली वाचक

उलट बोजा नाही म्हणूनच प्रेम पोकळ वाटतं. आत्याची सही खोटी आहे हे नायिकेला कळलं, तर वाडा एकट्या तिचा राहत नाही. आता त्या माणसाची परीक्षा आहे: तो तिला गप्प बस म्हणतो की आत्याकडे घेऊन जातो? तुमचा तो आवडता प्रश्न, हा माणूस विश्वासाचा आहे का, याहून चांगला कुठं विचारता येईल?

भाडेकरूदादा, तुमचं पत्र मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. ते नायिकेला वाचून कुणी दाखवावं?

भाडेकरूचा मुलगा

मागच्या खोलीतल्या बाईनं. तिला घर सोडायला सांगितलंय आणि नेमकं तिलाच पत्र वाचता येतं. ती मराठीत जे सांगेल त्यावर नायिकेला विसंबावं लागेल.

रात्रवाचक

हे मात्र मी एका रात्रीत वाचून काढीन. ती बाई खोटं सांगते की खरं, या एका गोष्टीवर शंभर पानं जातील. पण मग आर्किटेक्टला का काढलंत?

भाडेकरूचा मुलगा

त्याला राहू दे, त्याच्यावर संशय घ्यायला तो हवाच. प्रेम मात्र त्या बाईच्या मुलाशी जमू दे. आणि गिलावा वाळून दिंडी दरवाजाला नवा रंग लागला की त्याची आई कुठल्या खोलीत राहणार, हे लेखकानं शेवटच्या प्रकरणात लिहावंच.