दाखला हातात देण्याआधी

वर एकांनी लिहिलंय की वर्गातल्या मुलाचं डोकं फोडणाऱ्या पोट्ट्याला त्याच दिवशी दाखला देऊन मोकळं व्हावं. जखमी मुलाच्या आईबापांचा संताप रास्तच आहे. पण मारणारा सातवीत आहे, आणि शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 16 प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताच येत नाही. मग पळवाट निघते. बापाला बोलावतात, तो वावरातून तसाच येतो, आधीच लिहून ठेवलेल्या अर्जावर अंगठा देतो, आणि दाखल्यावर कारण पडतं 'पालकांच्या विनंतीवरून'. आमच्या यवतमाळकडच्या कितीतरी खेड्यांत पुढची शाळा तालुक्याला, एसटीचा भरवसा नाही. दिवाळीनंतर ते पोरगं कापूस वेचायलाच लागतं.

जिल्हा परिषदेची शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावा. तिच्यात तीन-चतुर्थांश पालकच असतात. दोन्ही घरच्यांचं ऐका, इतिवृत्तात नीट लिहा. आणि पहिला विषय जखमी मुलाचा घ्या: दवाखान्याचा खर्च कोण देणार, उद्यापासून तो वर्गात कुणाशेजारी बसणार, मधल्या सुट्टीत त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार. इतक्या प्रतिसादांत त्याची चौकशी कुणीच केली नाही, याचं फार वाईट वाटलं.