‘इन्कॉन्टिनेन्शिया पिग्मेंटी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : या जन्मजात त्वचाविकारावरच्या, पालकांसाठीच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. ‘इन्कॉन्टिनेन्शिया’साठी कोशात ‘असंयम’ सापडतो. ‘रंगद्रव्य-असंयम’ वाचून तान्ह्या मुलीच्या आईला काय कळणार?

उत्तर : काही नाही. वर आपणच पथ्य मोडलं की काय, असं वाटेल तिला. असंयम सोडा. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं ते असं : वरच्या त्वचेच्या तळच्या पेशींना मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, धरून ठेवता येत नाही, ते खालच्या थरात उतरतं. म्हणून ‘रंगगळती’. लॅटिन नाव कंसात राहू द्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तेच असतं.

पण नावावर फार विसंबू नका. ब्लॉख (१९२६) आणि सुल्झबर्गर (१९२८) या त्वचारोगतज्ज्ञांच्या वर्णनांतून रूढ झालेलं हे नाव तिसऱ्याच अवस्थेला लागू पडतं. आधी, जन्मतः किंवा पहिल्या काही आठवड्यांत, रांगेने पाणीदार फोड येतात. मग चामखिळीसारखा खरखरीतपणा. मग करडे-तपकिरी वळसे. ते विरले की काही जणींच्या पोटऱ्यांवर फिकट, बिनकेसांचे पट्टे उरतात. दोष एक्स गुणसूत्रावरच्या जनुकात असतो. मुलगे बहुधा गर्भातच दगावतात, म्हणून रुग्ण जवळजवळ सगळ्या मुलीच. काहींना आकडी येते, काहींच्या दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या बिघडतात. हे नावात कुठेच नाही, तेव्हा पत्रकात पहिल्या परिच्छेदातच यायला हवं.

दुसरं उत्तर : ‘वळसे’ आवडला. हे वळसे ब्लाश्कोच्या रेषांवरून जातात, म्हणजे गर्भात त्वचेच्या पेशी ज्या वाटांनी पसरल्या त्या वाटांवरून. जपानी त्वचारोगतज्ज्ञ इटो यांनी १९५२ मध्ये असेच पण फिकट वळसे नोंदवले आणि नाव दिलं ‘इन्कॉन्टिनेन्शिया पिग्मेंटी अक्रोमियन्स’. तिथे गळायला रंगच नाही! आता त्याला ‘हायपोमेलॅनोसिस ऑफ इटो’ म्हणतात. मी ‘इटोचे फिकट वळसे’ लिहीन. ‘कोड’ मात्र चुकूनही नको. तो आजार वेगळा, आणि आपल्याकडे त्या शब्दासरशी मुलीच्या लग्नाची चिंता सुरू होते.

प्रश्नकर्ती : आणि ‘सीझर’ (seizure) साठी काय? झटके?

पहिलं उत्तर : ‘आकडी’ किंवा सरळ ‘फिट’. ‘अपस्मार’ हे निदान आहे, एकदा फिट आली म्हणजे अपस्मार नव्हे. नुसतं ‘झटके’ लिहिलंत तर आई हातपाय उडण्याची वाट पाहत बसेल. नवजात बाळाची फिट पुष्कळदा एकटक पाहणं, ओठांची चुळबुळ किंवा सायकल मारल्यासारखे पाय हलवणं एवढीच असते. तेच लिहा.